घरात वजनं घेऊन व्यायाम करायचाय, १५ हजारांत काय काय घ्यावं?

अनगोळचा_नवखा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो. मी अनगोळात भाड्यानं राहतो, वरचा मजला, एक खोली १० बाय १० ची रिकामी आहे. जिमला जायचं म्हटलं तर दुकान बंद करून घरी येईपर्यंत साडेनऊ होतात आणि सकाळी मुलांच्या शाळेची घाई, त्यामुळं घरातच काय ते करायचं ठरवलंय. वजन कमी करणं हा मुख्य मुद्दा नाही, ताकद पाहिजे. दुकानात पोती उचलताना आता दम लागालाय आणि वय ३५ च्या पुढं गेलंय. बायको पण म्हणालीय मी पण करणार.

बजेट १५ हजार, फार तर दोनएक हजार वर. ऑनलाईन बघितलं तर डोकं फिरतं. २० किलोचा प्लास्टिक प्लेटचा सेट आहे, त्याच्यात दोन डंबेल रॉड, एक वाकडा रॉड, ग्लोव्हज, दोरी, बॅग सगळं येतं. मग ती गोल फिरवून वजन बदलायची डंबेल आहेत ती लई महाग. रबराचे बँड आहेत. आणि एक मेव्हणा म्हणतो ट्रेडमिल घे. जागा थोडी, खाली घरमालक राहतात, भाड्याचं घर म्हणून भिंतीला भोकं पाडायला पण विचारावं लागणार. ज्यांनी घरी केलंय त्यांनी सांगा की काय घ्यावं आणि काय वट्ट घेऊ नये.

---

बीड_ओतणारा

मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, ओतकामातच सगळं आयुष्य चाललंय, त्यामुळं लोखंडाबद्दल सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

पहिलं म्हणजे कुठलीही वस्तू बघताना एकच प्रश्न विचार, सहा महिन्यांनी मला यात अजून वजन घालता येईल का. ताकद वाढते ती वजन हळूहळू वाढवत नेल्यानं, तेच तेच वजन वर्षभर उचलत राहिलास तर शरीर तिथंच थांबतं. तो जो २० किलोचा प्लास्टिकचा सेट म्हणालास त्याची अडचण इथंच आहे. त्या प्लेटा वरून पीव्हीसी आणि आत सिमेंट-वाळू भरलेली असते. सिमेंटची घनता साधारण २ च्या आसपास, बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची ७.२. म्हणजे तेवढ्याच वजनाला प्लास्टिकची प्लेट तिपटीपेक्षा जास्त जागा खाते. १४ इंची डंबेल रॉडला हाताची जागा सोडली तर प्रत्येक बाजूला चार साडेचार इंच उरतात, त्यातला पाऊण इंच नट खातो. दोन जाड प्लेटा घातल्या की रॉड संपला. पुढं तू अजून प्लेटा विकत आणल्यास तरी घालणार कुठं?

बिडाच्या प्लेटा घे. त्या मोडत नाहीत, जुन्या होत नाहीत, नको झाल्या तर किलोवर विकल्या जातात. फक्त उंचावरून फरशीवर टाकायच्या नाहीत, बीड तडकतं. लोकांना वाटतं लोखंड आहे काय होतंय, पण बीड हे वाकणारं लोखंड नव्हे.

घेताना काय बघायचं ते सांगतो. भोक बघ. आपल्याकडं दोन माप चालतात, एक साधं म्हणजे २५ ते २८ मिमीच्या रॉडसाठी ३० मिमीच्या आसपास भोक, आणि दुसरं ऑलिम्पिक म्हणजे ५० मिमी. ऑलिम्पिक रॉड ७ फुटी आणि २० किलोचा असतो, १० बाय १० च्या खोलीत प्लेटा घालायला दोन्ही बाजूला माणूस उभा राहिला पाहिजे की, तिथं तुझी अडचण होणार. शिवाय दर पण जास्त. तू साध्या मापात जा, पण एकदा ठरवलंस की सगळं त्याच मापात घे, निम्मं हे निम्मं ते असं करू नको. दुकानात जाताना खिशात टेप आणि जमलं तर व्हर्नियर असू दे. भोकाच्या आत हात फिरवून बघ, लेथवर बोअर मारलेला असला तर गुळगुळीत लागतो, तसाच ओतलेला असला तर खडबडीत असतो आणि रॉड खरवडतो.

आणि काट्यावर ठेवून घे. प्लेटीवर ५ लिहिलंय म्हणून ती ५ किलो भरेलच असं नाही. साच्यात वाळू थोडी दबली, रंग जाड बसला की फरक पडतोच. चार प्लेटांतल्या दोन दोन जवळच्या वजनाच्या जोड्या लावून घे म्हणजे रॉड एका बाजूला कलणार नाही.

रॉडचं पण वजन धर बरं का. एक इंची भरीव लोखंडाचा ५ फुटी रॉड साधारण ६ किलो भरतो, ४ फुटी पावणेपाच ते पाच, १४ इंची डंबेल रॉड दीड किलोला थोडा कमी. पुष्कळजण ते मोजतच नाहीत आणि मग हिशोब चुकतो. पोकळ पाईपचा रॉड कुणी दिला तर घेऊ नको, टिचकी मारली की आवाजावरून कळतं.

माझ्या मते तुझी यादी अशी असावी. ५ फुटी सरळ रॉड एक, डंबेल रॉड दोन, तिन्हीला आटे पाडलेले आणि रबर वायसरसकट स्टार नट. स्प्रिंगची क्लिप डंबेलला नको, डोक्यावर धरल्यावर सरकली तर तोंडावर येते. प्लेटा म्हणशील तर सव्वा किलोच्या चार, अडीचच्या चार, ५ च्या चार, १० च्या दोन. बेरीज ५५ किलो. त्यात रॉडला सगळ्या घातल्यास तर ६० च्या वर जातोस, आणि डंबेलला १० च्या दोन सोडून बाकीच्या वाटून घातल्यास तर दोन्ही हातात प्रत्येकी १९ किलोच्या आसपास येतात. एकाच लोखंडात दोन्ही कामं. सव्वाच्या प्लेटा लोक घेत नाहीत, छोट्या दिसतात म्हणून, पण वजन वाढवताना त्याच लागतात, विशेषतः खांद्याच्या व्यायामाला, तिथं एकदम ५ किलोची उडी झेपत नाही.

ट्रेडमिल तुझ्या कामाची नाही. ताकदीसाठी विचारलंयस आणि ती चालायची वस्तू आहे. चालायला टिळकवाडीपर्यंत जाऊन आलास तरी पुरे.

---

मलप्रभा_काठ

दादांनी छान सांगितलंय, मी खानापूरकडून बाईमाणसाच्या बाजूनं थोडं सांगते कारण तुम्ही म्हणालात वहिनी पण करणार.

त्यांच्यासाठी म्हणून गुलाबी रंगाची १ किलो २ किलोची फिक्स डंबेल आणू नका. दुकानदार बाईला बघितल्यावर आधी तीच दाखवतात. २ किलो म्हणजे आपण भरलेली कळशी उचलतो त्याच्या पाव पण नाही हो, आमच्याकडच्या बायका कमरेवर दहा-पंधरा लिटरची कळशी घेऊन चढ चढून येतात. पायाच्या आणि पाठीच्या व्यायामाला ते वजन पहिल्याच आठवड्यात हलकं पडतं. वर सांगितलेली आट्याची डंबेल त्यांना पण चालतात, नुसता रॉड आणि सव्वाच्या दोन प्लेटा घातल्या की ४ किलो झाले, तिथून सुरू करायचं. चाळिशीनंतर बायकांची हाडं विरळ व्हायला लागतात, पाळी गेल्यावर तर जास्तच, आणि वजनाचा व्यायाम हा त्याच्यावरचा चांगला उपाय आहे. माझ्या आईला मी खुर्चीवरून उठबस करण्यापासून सुरू करून दिलं, आता ती हातात वजन घेऊन करते आणि मांडी घालून बसून उठताना कशाला धरत नाही. मला याचं फार समाधान आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

बँडबद्दल. घ्या, पण दुय्यम म्हणून. बँड जितका ताणाल तितका जड होत जातो, म्हणजे सुरुवातीला हलका आणि शेवटी जड, आणि नेमकं किती किलो झालं ते मोजता येत नाही. प्रवासाला, आजारातून उठल्यावर, आणि ओढायच्या व्यायामाला चांगला. दाराच्या फटीत अडकवायचा एक पट्टा मिळतो, तो बिजागरीच्या बाजूला लावायचा आणि दार आपल्याकडं उघडणारं नसावं, नाहीतर ओढताना दारच अंगावर येतं. लॅटेक्सचा असला तर उन्हात ठेवू नका, कडक होऊन बारीक चिरा पडतात. दर वेळी ताणायच्या आधी बोटानं चाचपून बघायचा, चीर दिसली की टाकून द्यायचा. तुटला तर डोळ्यावर बसतो, हे साधं वाटतं पण साधं नाही.

दुसरं पावसाचं. बेळगावात थोडं तरी बरं, आमच्याकडं जूनपासून चार महिने भिंती ओल्या असतात, कणकुंबीकडं तर विचारू नका. बिडाच्या प्लेटेचा रंग जिथं उडालाय तिथं लगेच तांबेरा चढतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साईड आणि वर काळा इनॅमल मारला की काम होतं. रॉडला रंग नको, हात घसरतो, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवून कोरड्या फडक्यानं पुसायचा. आणि प्लेटा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा.

---

निपाणीवाला

मी जरा वेगळं म्हणतो. एवढं सगळं सुटं सुटं गोळा करण्यापेक्षा ते मल्टी होम जिम मशीन येतं बघा, एकाच सांगाड्यात छातीचं, पाठीचं, पायाचं सगळं, पिन घातली की वजन बदलतं. सुटं वजन अंगावर पडायची भीती नाही, एकट्या माणसाला बरं. सेकंडहँड १५-२० हजारांत मिळून जातं. नवख्या माणसाला रॉड धरायचं तंत्र येत नाही आणि शिकवणारा कोणी नाही, मग कंबर धरली तर?

---

बीड_ओतणारा

निपाणीवाले दादा, भीतीचं म्हणालात ते बरोबर आहे, पण त्या मशीनचं मी आतून बघितलंय, दुरुस्तीला आमच्याकडं येतात. प्लास्टिकच्या पुल्या झिजतात, वायर रोप पुलीत घासून एक एक तार तुटत जाते, आणि स्वस्त मशीनच्या पायाच्या जोडाला आरपार बोल्टऐवजी नुसता स्क्रू असतो. तसला सुटा भाग बेळगावात मिळत नाही, बनवून घ्यावा लागतो. त्यात वजनाची थप्पी ४०-५० किलोला संपते आणि पुली कशा लावल्यात त्यावर हातात येणारं वजन त्याच्यापेक्षा बऱ्याचदा कमी. पायाला ते लवकरच अपुरं पडणार. वर भाड्याचं घर, मशीन खोलून जिना उतरवून दुसऱ्या घरात परत बसवणं म्हणजे एक दिवसाचं काम. सुटं लोखंड रिक्षात घालून जातं.

तंत्राचं म्हणाल तर मात्र तुमचं ऐकायलाच पाहिजे. नव्या माणसानं एखादा महिना तरी जिमला किंवा तालमीत जाऊन, कुणाच्या तरी नजरेखाली शिकून मग घरी करावं, हे मला पण पटतंय.

---

लालमाती_येळ्ळूर

पोरांनो, तुमचं सगळं वाचलं. मी जुना तालमीतला माणूस, आता खेळत नाही पण पोरांना शिकवायला जातो. वस्तू घ्यायच्या आधी एक सांगू का, घरातली जमीन आणि आपलं अंग हे पहिलं सामान. जोर, बैठका, सपाटे हे तीन नीट येत असतील तर निम्मं काम फुकटात होतं. जोर म्हणजे नुसतं वरखाली नव्हे, ढुंगण वर, मग छाती जमिनीला घासत पुढं, मग मान वर, त्याच्यात खांदा, छाती, पाठीचा कणा सगळं फिरतं. ज्याला ३० जोर सलग नीट येत नाहीत त्यानं छातीसाठी बेंच घ्यायची घाई कशाला करावी?

पण खरं ते खरं सांगतो. जोर-बैठकेत ओढायचं काम नाही. पाठीचा वरचा भाग, दंड, पंजा यांना ओढ लागते. म्हणून तर तालमीत दोरी चढायला लावतात, मल्लखांब असतो, कुस्तीत गडी ओढावा लागतो. घरी करणाऱ्यानं नुसते जोर मारले तर छाती पुढं येते आणि खांदे आत वळतात. तेव्हा बार लोंबकळायला पाहिजेच, नाहीतर वजन खालून पोटाकडं ओढायचं. आणि बैठका ५०० मारल्या की दम वाढतो, चिवटपणा येतो, पण ताकद म्हणजे जड उचलायची ताकद, ती वजनानंच येते. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका मारायचे. आमच्या पूर्वेकडच्या गावांत जत्रेत संग्राणी कल्लू उचलायच्या पैजा लागतात, गोल गरगरीत दगड, धरायला काही नाही, गुडघ्यावर घेऊन मग छातीवर आणि मग खांद्यावर. त्या पोरांचं अंग बघा एकदा.

तू पोती उचलणारा माणूस आहेस म्हणून तुला सांगतो, वाळूचं पोतं कर. लई स्वस्त. जाड ताडपत्रीची पिशवी शिवून घे, चेनऐवजी दोरी बांध, आत वाळू सुटी न भरता दोन-तीन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून भर म्हणजे घरभर सांडत नाही. २० किलो वाळूला बारा-तेरा लिटरची जागा लागते, त्यावरून पिशवीचं माप धर. सुरुवातीला २० भर, पुढं ३०. उचलून छातीला कवटाळून चाल खोलीभर. दुकानात जे करतोस तेच, फक्त नीट पाठ सरळ ठेवून. खाली टाकलं तरी आवाज होत नाही, घरमालक काही म्हणणार नाहीत.

मुद्गल, म्हणजे खांद्यावरून फिरवायचा जड लाकडी दांडा, मिळाला तर एक घे, शिसवीचा किंवा बाभळीचा. खांद्याच्या सांध्याला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण हलका घे, ४-५ किलोचा, आणि छप्पर, पंखा बघून फिरव.

---

अनगोळचा_नवखा

सगळ्यांचे लई लई आभार. काका, वाळूच्या पोत्याचं तर मला सुचलंच नव्हतं. बीडवाले दादा, ५५ किलोचा हिशोब वहीत लिहून घेतलाय.

आता तीन शंका. एक, बेंच पाहिजे का, आणि पाहिजे तर विकत की वेल्डिंगवाल्याकडून करून? दोन, वरच्या मजल्यावर एवढं वजन ठेवलं तर स्लॅबला काही होतंय का, घरमालक तेवढंच विचारालेत. तीन, लोंबकळायचा बार कुठं लावू, दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचा मिळतो तो चालतो का?

---

हाडं_स्नायू

मी फिजिओथेरपी करते, शहापूरला. आधी तुमच्या शंकांना माझ्याकडून जेवढं येतं तेवढं.

बेंच पहिल्या दोन-तीन महिन्यांत नसला तरी चालतो. जमिनीवर झोपून डंबेल वर ढकलता येतात, कोपर जमिनीला टेकतात त्यामुळं खांदा जास्त मागं ताणला जात नाही, नवख्याला हे उलट सुरक्षित. पुढं बेंच घेतलात तर एकट्यानं रॉड छातीवर घेऊन व्यायाम करू नका, स्टँडला खालून आडवे सुरक्षा बार असतील तरच करा. नसतील तर डंबेल वापरा, ती बाजूला सोडता येतात, रॉड छातीवर अडकला तर सोडता येत नाही. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

किती वेळा करायचं हे कुणी विचारलं नाही पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असं आहे. तुमच्यासारख्या दुकान सांभाळणाऱ्याला तीन दिवस, पाऊण तास, भरपूर झालं. व्यायाम निवडताना शरीराच्या हालचाली बघा, खाली बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि हातात वजन घेऊन चालणं. या पाच हालचाली तुमच्या सामानात होतात का एवढं बघितलं की काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. वरच्या यादीत आणि काकांच्या पोत्यात पाचही होतात.

दम कोंडून धरून उचलू नका, रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडा. तुमचं वय ३५ च्या पुढं म्हणालात, एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. आणि कंबरेतून पायात कळ जाणं, मुंग्या येणं असलं काही आधीपासून असेल तर वजन उचलायच्या आधी दाखवून घ्या.

---

बीड_ओतणारा

बेंच करूनच घे. मजगाव, उद्यमबाग इकडं गल्लीगल्लीत फॅब्रिकेशनवाले आहेत. माप लिहून ने, नाहीतर तो देवळाच्या बाकड्याएवढा उंच करून देईल. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत १७ इंच, रुंदी साडेअकरा ते १२ इंच, लांबी ४ फूट. पॉवरलिफ्टिंगच्या नियमात उंची ४२ ते ४५ सेमी आणि रुंदी २९ ते ३२ सेमी धरतात, त्याच्यात हे बसतं. रुंदी जास्त केली की खांद्याची पाती मागं येत नाहीत, कमी केली की डुगडुगतं. पाईप २ बाय २ इंची चौकोनी, २ मिमी जाडीचा माग. तो १६ गेजचा आणून दाखवेल, तो १.६ मिमी असतो, खुर्चीला ठीक. वर १८ मिमी प्लाय, त्याच्यावर रिबॉन्ड फोम दीड-दोन इंच आणि रेक्झिन. साधा मऊ स्पंज घालू देऊ नको, महिन्यात बसतो. पायांच्या चौकटीला आडवा पाईप दोन्हीकडं, आणि टोकाला रबर बुच, नाहीतर फरशीवर ओरखडे. किती किलो पेलतो हे विचारताना तुझं वजन आणि वर उचललेलं वजन दोन्ही मिळून विचार.

आता घरमालकांचं. राहत्या घराचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपासचा वापराचा भार धरून करतात. तुझी खोली १०० चौरस फूट म्हणजे ९ चौरस मीटरच्या वर. लोखंड, बेंच, वाळूचं पोतं, तू, सगळं मिळून अडीचशे किलो होत नाही. धान्याचं भरलेलं कपाट, पाण्याचं पिंप याच्यापेक्षा वेगळं काही नाही. नुसतं ठेवल्यानं काही होत नाही, आपटल्यानं होतं. फरशी तडकते आणि खाली भांड्यांवर धूळ पडते. तेव्हा सगळं वजन भिंतीच्या कडेला, बीमच्या जवळ ठेव आणि खाली मॅट घाल. जिमची म्हणून विकतात ती मॅट महाग. जनावरांच्या औषधाच्या, डेअरीच्या सामानाच्या दुकानात गाई-म्हशींच्या गोठ्यात घालायची रबर मॅट मिळते, साडेसहा बाय चार फुटाच्या आसपास आणि १५ ते १७ मिमी जाड. म्हैस उभी राहते त्याच्यावर, तुझ्या डंबेलनं काय होणार. नवी असताना रबराचा वास मारते, गच्चीवर धुऊन दोन-चार दिवस वाऱ्यावर टाक. एक मॅट पुरे. घर जर जुनं, मातीचं आणि लाकडी तुळयांचं असलं तर मात्र हा हिशोब लावू नको, मग खालचा मजला बघ. पण तू स्लॅब म्हणालास म्हणजे आरसीसीच.

---

मलप्रभा_काठ

बाराबद्दल मी सांगते. चौकटीत फिरवून घट्ट करायचा जो येतो तो नुसत्या दाबावर टिकतो, स्क्रू न मारता वापरू नका. आणि हल्लीच्या दाराच्या चौकटी पातळ असतात, दाबानं बाहेर सरकतात. आमच्यासारखी चिऱ्याची भिंत असली तर फास्टनर धरत नाही, जांभा भुसभुशीत, ओढलं की भोक मोठं होतं. घरमालकांनी परवानगी दिलीच तर आरसीसीच्या बीममध्ये १२ मिमीचे अँकर फास्टनर मारून घ्या, विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत नको. बार म्हणून एक इंची जीआय पाण्याचा पाईप छान होतो, त्याचा बाहेरचा व्यास ३४ मिमीला थोडा कमी, मुठीत बरोबर बसतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं पाहिजे, नाहीतर गुडघे आपटतात.

परवानगी नाही दिली तर गच्चीवर पाण्याच्या टाकीचा सांगाडा असतो तो हलवून बघा, पण गंजलेला असला तर नको. तोपर्यंत काकांनी सांगितलं तसं, वाकून एक हात बेंचवर टेकून डंबेल पोटाकडं ओढा, पाठीला तेवढंच लागतं. बारला धरून एकदम सगळं अंग वर ओढता येत नाही म्हणून नाराज होऊ नका. आधी नुसतं लोंबकळा, मग खुर्चीवर चढून हनुवटी वर ठेवून हळूहळू खाली या. वहिनींना पण असंच सांगा, बायकांना जमत नाही असं म्हणतात ते खरं नाही, वेळ जास्त लागतो एवढंच.

---

निपाणीवाला

पटालंय मला आता. मशीनचा हट्ट सोडतो. फक्त एक, जुनं सामान घ्यायचं असलं तर बिडाच्या प्लेटा जुन्या बिनधास्त घ्या, जिम बंद पडतात तेव्हा किलोवर विकतात, संकेश्वर-चिकोडीकडं पण चौकशी करा. बेंच आणि बँड मात्र जुने घेऊ नका. जुन्या रॉडला सपाट फरशीवर ठेवून लोळवायचा, वाकलेला असला तर उड्या मारत जातो. आणि आटे बघायचे, नट शेवटपर्यंत हातानं फिरला पाहिजे.

---

अनगोळचा_नवखा

घरमालकांना स्लॅबचा हिशोब दाखवला, हो म्हणाले, फक्त रात्री दहानंतर नको म्हणाले. बीमला बार लावायला पण परवानगी दिली, भोकं बुजवून द्यायची या अटीवर. जुन्या प्लेटा ४० किलो एका ठिकाणी मिळालेत, १० च्या दोन, ५ च्या चार, भोक ३० मिमी. सव्वाच्या आणि अडीचच्या नव्या घेणार, रॉड नवे घेणार. बेंच दोन महिन्यांनी, तोवर जमिनीवर. मॅट उद्या बघायला जातोय आणि बायकोनं पिशवी शिवायला ताडपत्री मापून ठेवलीय.

काका, येळ्ळूरला सकाळी किती वाजता असता तुम्ही? एखादा महिना जोर आणि उचलायची पद्धत तुमच्या नजरेखाली शिकायची आहे.

---

लालमाती_येळ्ळूर

साडेपाचला ये. रिकाम्या पोटी, लंगोट घालून. बायकोला पण शिकायचं असलं तर रविवारी घेऊन ये, माझी सून असते, ती दाखवेल.